सिरोंच्याला पोचणारी गाडी

आलापल्लीचे स्पेअर पार्टचे दुकानदार हबीब शेख संक्रांतीनंतरच्या शनिवारी पहाटे सिरोंच्यात वारले. मृत्यू झोपेत, मोठ्या बहिणीच्या घरी आला. दफन त्याच दिवशी तिथल्या कब्रस्तानात झालं. मी इथला पेपरचा वार्ताहर, पण मला ही बातमी सकाळी कळली, ती एस.टी.च्या मडावी ड्रायव्हरकडून. सिरोंच्याहून आणलेली बस आलापल्लीच्या स्टँडवर लावून तो चहाच्या टपरीपाशी आला आणि म्हणाला, "हबीबभाऊ गेले. तिकडं." मग चहा सांगितला. "पोचले होते पन..." एवढंच पुढे म्हणाला.

आलापल्ली ते सिरोंचा हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. सागाचं जंगल, मधे रेपनपल्ली, जिमलगट्टा, बामणी, आणि पावसाळ्यात रस्त्यावर येणारे नाले. हबीबभाऊंचा जन्म सिरोंच्याचा. आई लवकर गेली. त्यांना वाढवलं मोठ्या बहिणीने, खैरुनआपांनी. लग्नानंतर ते आलापल्लीला आले आणि याच रस्त्यावर सवारी जीप चालवू लागले. एका पावसाळ्यात जिमलगट्ट्याच्या पुढे जीप पाण्याखालच्या खड्ड्यात आदळली. सवाऱ्यांना काही झालं नाही, हबीबभाऊंच्या कमरेच्या मणक्यातली गादी सरकली. चंद्रपूरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं की चालता येईल, दुकानात बसता येईल. पण दणके देणाऱ्या गाडीत बसायचं नाही, पुन्हा सरकली तर पाय जातील. त्या वेळी रस्ता जसा होता, त्यात याचा अर्थ एकच होता. सिरोंचा बंद. आपांना दमा होता आणि गुडघे धरलेले, बसची पायरी त्यांनाही चढवत नव्हती. फोन होता. पुढे व्हिडिओ कॉलही आला, त्यात आपांना भावाचं कपाळ आणि त्यावर फिरणारा पंखा दिसायचा. पण दोघांनाही मरायच्या आधी एकदा समोरासमोर बसायचं होतं, आणि ते दोघंही लपवत नसत.

पहिली छोटी गाडी आपांनीच पाठवली. त्यांचा मुलगा सलीम हैदराबादला खेळण्यांच्या मोठ्या दुकानात कामाला होता. तिथे नामांकित मोटार कंपन्यांशी करार करून बनवलेल्या धातूच्या गाड्या येत. तळहातावर मावणाऱ्या, हुबेहूब, संग्रह करणाऱ्यांसाठी. तसली एक चांदीच्या रंगाची जर्मन गाडी आपांनी कापडात बांधून मडावीच्या हाती दिली आणि फोनवर भावाला म्हणाल्या, "बडी नै चलाता, तो ये चला के आ." हबीबभाऊ तेव्हा अजून पलंगावरच होते. त्यांनी गाडी छातीवर धरून खालून, वरून पाहिली. मग काडेपेटीतली एक काडी काढून गाडीच्या पोटाखालून सरकवायला गेले. काडी अडली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपांना कळवलं की गाडी मिळाली, पण रेपनपल्लीच्या पुढे येत नाही, बुड घासतं.

तिथून ते सुरू झालं.

खोक्यावर छापलेलं असतं की खेळणं खऱ्या गाडीच्या चौसष्टपट लहान आहे. काडीची जाडी चौसष्टपट केली की साधारण पाच इंच होते. हबीबभाऊंनी हा हिशेब कधी कागदावर मांडला नाही. काडी गेली तर गाडी कुठवर जाईल, दोन काड्या एकावर एक धरून गेल्या तर कुठवर, हे त्यांना जीप चालवून ठाऊक होतं. दुकानात गिऱ्हाइकांच्या डोक्यावर त्यांनी चार फळ्या ठोकून घेतल्या आणि ऑइलपेंटने नावं घातली. सगळ्यात खाली आलापल्ली, मग रेपनपल्ली, मग जिमलगट्टा, वर सिरोंचा. आलेली गाडी काडी लावून आपल्या फळीवर जायची आणि निकाल फोनवर जाहीर व्हायचा. फोन स्पीकरवर असे. दुकानातले सगळे ऐकत.

"कहाँ तक आई रे?"

"आलापल्लीच. दुकान के बाहर नै निकलती."

"इटली की है बोला सलीम."

"तो इटली में चलाना उसकू."

"जरा ढकेल के देख ना."

ही लाल इटालियन गाडी कागदाइतकी चपटी होती. तिच्या मागोमाग एका शीतपेय कंपनीच्या रंगातली व्हॅन आली ("इसमें बैठ, पीते पीते आ," आपा), मग एक शर्यतीची गाडी, जिच्या अंगावर टायर, घड्याळं आणि इंजिन ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांची नावं गोंदल्यासारखी होती. हबीबभाऊंनी ती बराच वेळ फिरवून वाचली. "याच्यातल्या दोघाईचं ऑइल आपल्याकडं हाये," ते म्हणाले. "गाडी मात्र कोनाकडं नाई." शमीमभाभी, त्यांच्या पत्नी, पार्टच्या खोक्यांमधून वाट काढत म्हणाल्या, "घरात पावन्याले कप ठेवाले जागा नाई, अन् ह्यांच्या गाड्याईले चार मजले."

सिरोंच्याची फळी वर्षानुवर्षं रिकामी राहिली. आपांनी चिडून जीप पाठवली, मग ट्रक, मग ट्रॅक्टर. दोन काड्या सहज गेल्या. तरी हबीबभाऊंनी त्या जिमलगट्ट्याच्या फळीवर ठेवल्या. जीप उंच असते, पण तिचा प्रत्येक दणका पाठीत येतो. मऊ गाड्या असतात त्या बुटक्या. त्यांच्या पाठीला चालेल अशी गाडी त्या रस्त्याला चालत नव्हती, आणि रस्त्याला चालेल अशी त्यांच्या पाठीला. वरची फळी दोन्ही जमणाऱ्या गाडीसाठी होती. "जीप येते ना आपा, मीच नाई येत तिच्यात," असं त्यांनी मराठीतच सांगितलं. पलीकडून आपांनी विचारलं, जेवलास का.

पावसाळ्यात, वीज गेली की त्या दुकानात वेगळंच वाटायचं. बाहेर पाण्याचा पडदा, आत ग्रीसचा वास, आणि अर्ध्या अंधारात फळ्यांवर ओळीने उभ्या गाड्या, सगळ्यांची तोंडं दक्षिणेकडे, सिरोंच्याच्या बाजूला. हबीबभाऊ उशीला पाठ टेकून बोलत राहायचे. आता नाला लागला... आता मोहाची झाडं... इथे उतार आहे, इथे डावीकडे घ्यायचं. रस्ता त्यांना वळणा-वळणाने पाठ होता. ऐकणारा कधी डुलकी घेऊन जागा झाला, तरी ते बामणीच्या अलीकडेच असत. एकदा त्यांनी मला एका खोक्याच्या तळाशी बारीक इंग्रजीत काय छापलंय ते विचारलं. मी सांगितलं की मोटार कंपनीने आपलं नाव आणि रूप वापरायची रीतसर परवानगी दिली आहे.

"म्हंजे मालकाले विचारून बनवली."

"हो."

"अन् रोडले कोनं विचारलं?"

मी म्हणालो, त्याचा उल्लेख नाही.

"मंग करार अर्धाच झाला," ते म्हणाले आणि खोकं घडी करून ठेवलं.

अखेर सलीमने एका महागड्या इंग्रजी कंपनीची मोठी गाडी शोधून पाठवली. उंच, आणि खऱ्या गाडीच्या चाकांवर हवेच्या गाद्या असतात म्हणे. दोन काड्या गेल्या. हबीबभाऊंनी ती स्वतः स्टुलावर चढून वरच्या फळीवर ठेवली, चढू नका म्हणून भाभी ओरडत असताना. आपांना फोन लावला. "येते," एवढंच म्हणाले. तशी खरी गाडी जिल्ह्यात कुणाकडे आहे का, याची मी चौकशी केली. कुणाकडेही नव्हती. त्यांनाही ते माहीत होतं. ती गाडी वर एकटीच राहिली.

मग रस्त्याचं काम सुरू झालं. आधी थोडं, मग थांबलं, मग पुन्हा. अमुक टप्पा पूर्ण झाल्याची बातमी मी द्यायचो आणि हबीबभाऊ पेपर बाजूला ठेवायचे. "पेपरातलं नको सांगू बापा, मडावीले विचारतो." मडावीचं माप वेगळं होतं. स्टिअरिंगजवळ तो चहाचा गिलास ठेवायचा. "भाऊ, रेपनपल्लीवरी आता सांडत नाई," तो एका उन्हाळ्यात म्हणाला. त्या दुपारी दुकान अर्धं बंद करून हबीबभाऊंनी खालच्या दोन फळ्यांवरच्या बऱ्याच गाड्या एकेक मजला वर चढवल्या. पुढच्या वर्षी नाल्यांवर पूल आले. पुन्हा गाड्या हलल्या. काड्या त्याच, गाड्या त्याच, आणि दर हंगामात सगळं थोडं वर सरकत होतं. दुकानात आलेल्याने मधे वर्षभर पाहिलं नसेल तर त्याला वाटे, नवा माल आला. या दिवाळीनंतर मडावी सांगत आला की बामणीच्या पुढे दोनच ठिकाणी सांडतं, तिथे गाडी हळू घेतली की झालं. हबीबभाऊंनी त्याला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मडावी वैतागला. "आता मी काय गिलास घेऊन मांडीवर बसू का तुमच्या?" त्याच संध्याकाळी लाल इटालियन सोडून बाकी सगळ्या गाड्या सिरोंच्याच्या फळीवर गेल्या.

डिसेंबरात सलीम स्वतःची पांढरी, छोटी, कुणाकडेही असते तशी गाडी घेऊन आला. पुढच्या सीटवर दोन उशा घातल्या. शमीमभाभी मागे बसल्या. सकाळी निघालेली गाडी दुपारी पोचली. भाभींनी सांगितलं की वाटेत ते नेहमीसारखे बोलले नाहीत, जिमलगट्ट्याच्या पुढे ती जागा आली तेव्हा काच खाली करून पाहिलं फक्त, आणि म्हणाले, "इथं खड्डा होता." आपा उंबऱ्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. उठल्या नाहीत. असल्याच गाडीचं खेळणं त्यांनी पूर्वी एकदा पाठवलं होतं; गाडीकडे पाहून पहिलं वाक्य बोलल्या ते असं:

"इसकू पहले कौनसी फळी पे रखा था?"

"रेपनपल्ली."

"गलत निकला तेरा हिसाब."

"गाडी वोइच है आपा. रोड बदल गई."

मग आपांनी त्यांना जवळ बोलावून मान खाली घ्यायला लावली आणि डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. सलीम उशा आत नेत होता, त्याला त्यांनी दारात थांबवलं, कारण मधून जायला जागा नव्हती.

आठ दिवसांसाठी गेलेले हबीबभाऊ परत यायचं नाव काढेनात. दुकान शेजाऱ्याने सांभाळलं. दोघं बहीण-भाऊ अंगणात उन्हाला बसत. फार बोलत नसत, असं भाभी म्हणाल्या. जेवायला बोलावलं की दोघंही एकदम "आलो" म्हणत आणि कुणीच उठत नसे. आलापल्लीतल्या फळ्या आज तशाच आहेत. सिरोंच्याच्या फळीवर आता मुंगी शिरायला जागा नाही. खाली ती लाल इटालियन गाडी तेवढी आहे. भाभी त्या विकणार का, अशी नागपूरहून एका संग्राहकाने विचारणा केली. त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही.

शेवटच्या शुक्रवारचं जे खाली दिलं आहे, ते सलीम आणि शमीमभाभी, दोघांनीही स्वतंत्रपणे सांगितलं.

दुपारच्या नमाजानंतर हबीबभाऊंनी आपांना विचारलं की गोदावरीवरचा पूल त्यांनी पाहिला का. आपा म्हणाल्या, पूल होऊन वर्षं झाली, पण घरातून कोण नेतं, आणि गुडघे आहेत हे. "चल," हबीबभाऊ म्हणाले. "कहाँ?" "उधर." सलीमने गाडीच्या दाराशी लाकडी पाट ठेवला. पाटावर पाय देऊन, भाभींचा खांदा धरून आपा मुलाच्या गाडीत पहिल्यांदा बसल्या. हबीबभाऊ पुढे, त्या दोघी मागे. पुलावर सलीमने गाडी हळू केली. पात्र मोठं होतं, पाणी एका कडेला आणि मधे वाळू, त्यावर काही बायका कपडे वाळत घालत होत्या. आपा डाव्या काचेला नाक लावून पाहत होत्या आणि हबीबभाऊ पाठ वळवता येत नाही म्हणून समोरच्या आरशातून आपांना. पूल संपला तसं तेलंगण सुरू झालं. पहिल्याच टपरीपाशी गाडी थांबली. कुणी उतरलं नाही. आपांनी काच खाली करून तेलुगूत चार चहा सांगितले आणि त्यातल्या एकात साखर कमी घालायला लावली. तो हबीबभाऊंना दिला. चहा गाडीतच झाला. उजेड असतानाच चौघं पूल ओलांडून घरी परतली.