पत्र्याच्या खोलीत मी, आणि अंगणात माझा आवाज

मी लॅबमध्ये काम करते. रक्त काढायचं, काचेवर घ्यायचं, मायक्रोस्कोपखाली बघायचं. जे दिसेल ते लिहायचं, दिसलं नाही तर 'नाही' लिहायचं. भुताखेताच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जाणारी बाई. त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही... मीही हसले असते.

२००० सालातली गोष्ट. हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मी बावीस वर्षांची, नांदेडला एका लॅबमध्ये नवीनच लागलेली. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी आजीकडे गेले. वसमतपर्यंत एसटी, तिथून पुढं काळीपिवळी जीप. गावात आजी, काका, काकू आणि माझी चुलतबहीण वर्षा. बाबा गेल्यापासून आमच्या घरातलं लग्नकार्याचं काकाच बघायचे, आणि त्यांनी माझ्यासाठी एक स्थळ आणलं होतं. मुलाचं वसमतला दुकान. लग्नानंतर मी नोकरी करायची नाही, एवढी एकच अट.

मला नकार द्यायचा होता. शनिवार गेला, तोंडच उघडेना. काकांनी आमच्यासाठी एवढं केलेलं, त्यांना 'नाही' कसं म्हणायचं?

रविवारी दुपारी जेवणं झाली. सगळे अंगणात लिंबाखाली बसले होते. आजी मधोमध चटईवर, मी तिच्या शेजारी. काकू म्हणाली, "रेखा, मागच्या खोलीतून शेंगांचा डबा आण गं, फोडत बसू."

स्लॅबच्या दोन खोल्यांमागं एक पत्र्याची खोली होती. हळदीची पोती, डबे, पाट्या असलं सामान. तिच्या दाराला आतून-बाहेरून कसलीच कडी नव्हती. शेळ्या शिरू नयेत म्हणून बाहेरून एक दगड टेकवायचे, तेवढंच. मी तो दगड पायानं बाजूला सारला, आत गेले, डबा उचलला, वळले... दार लागलेलं.

वाऱ्यानं लागलं असेल म्हणून ढकललं. हललं नाही. खांदा लावला. पत्र्याचं हलकं दार ते, एरवी वाऱ्याच्या झुळकीनं उघडायचं. आता भिंतीला ढकलावं तसं.

"वर्षा! ए वर्षा, दार उघड!"

अंगण वीस पावलांवर. त्यांचं बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं. मी पुन्हा हाक मारली, मग डबा दारावर आपटायला लागले. आत कानठळ्या बसत होत्या. भिंतीतल्या तळहाताएवढ्या जाळीतून बाहेर एक कोंबडी माती उकरताना दिसत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

आणि मग वर्षा म्हणाली, "ताई, त्या लॅबमधलं अजून सांग ना."

मी डबा आपटायचं थांबवलं. वाटलं, हाक ऐकली, आता येईल. पण अंगणातून उत्तर आलं — "अगं, एक पैलवान आला होता. सुई बघितली अन् खुर्चीसकट खाली!"

तो आवाज माझा होता.

सगळे खदखदून हसले. ती गोष्ट खरी होती, पण मी ती कुणालाही सांगितली नव्हती. माझे पाय गार पडले. पत्रा उन्हानं तापलेला, अंगातून घामाच्या धारा, आणि पाय मात्र गार.

काकांचा आवाज आला. "रेखा, त्या स्थळाचं काय ठरवलं मग? पोरगं चांगलं हाय, घर खाऊनपिऊन सुखी हाय. आपल्याकडून व्हय सांगू का?"

"नाही!" मी ओरडले. "काका, नाही!" दारावर मुठी आपटल्या, नखानं पत्रा ओरबाडला.

बाहेरून शांतपणे, लाडात आल्यासारखं उत्तर आलं — "सांगा काका. तुम्ही म्हणाल तसं."

"लई शहाणी लेक हाय माझी," काका म्हणाले. काकू म्हणाली, "थांबा, तोंडात साखर घालते सगळ्यांच्या." मी दाराला टेकून खाली बसले. रडायलाही येत नव्हतं. आता अंगणात बसलेली ती माझ्या जागी नांदेडला जाणार, तिचं लग्न होणार, आणि मी इथं पोत्यांमध्ये... असंच वाटत होतं.

तेवढ्यात आजीचा आवाज. "रेखा कुठं गेली?"

"कुठं जाईल? ही काय, तुमच्या मांडीपाशी बसली," काकू म्हणाली.

"ही न्हाई. माझी रेखा कुठं हाय?"

माझ्या पाठीमागचं दार उघडलं आणि मी उताणी बाहेर पडले. दगड मी सारला होता तिथंच पडलेला.

धावत अंगणात गेले. आजीशेजारची चटई रिकामी. सगळे माझ्याकडं बघत होते. "अगं, डबा सापडला नाही म्हणून परत येऊन बसली होतीस ना, पुन्हा कधी उठलीस तू?" वर्षानं विचारलं. काका चपला घालत होते. एसटीडी बूथवर जाऊन मुलाकडं फोन करणार होते.

"काका, जाऊ नका. मी हो म्हटलं नाही. मला ते लग्न करायचं नाही."

"आत्ता म्हणलीस ना! आमी सगळे बहिरे हाव का?"

तोंडातून नुसतं "मी नव्हते" एवढंच निघत होतं. तेव्हा आजी म्हणाली, "बसा तुमी. तिला इचारलंच न्हाई अजून कोणी."

काका चपला फेकून घरात गेले. पुढं दोन वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत. पण फोन काही गेला नाही.

निघताना मी आजीला एकटीला गाठलं. "तुला कसं कळलं?"

"सकाळी मीच तुझ्या केसांना तेल चोळलं व्हतं का न्हाई? अन् दुपारी वेणी घालायला हात लावला, तर केस कोरडे, पिंजारल्यावानी." एवढंच बोलली. नंतर कितीदा विचारलं, तरी "जाऊ दे" म्हणायची. काही वर्षांनी ती गेली.

मी माझ्या पसंतीनं लग्न केलं, नोकरीही केली. त्या खोलीत मी किती वेळ होते ते मला सांगता येत नाही. उन्हानं चक्कर आली असेल, स्वप्न पडलं असेल, असं आमच्या लॅबच्या डॉक्टरांनी सांगितलं. पण मग अंगणात चौघांनी काय ऐकलं?

काकू अजून भेटते. प्रेमानंच वागते. पण विषय निघाला की माझा हात हातात घेऊन म्हणतेच, "त्या दिवशी किती गोड बोलत व्हतीस गं. तशी पुन्हा कधी बोललीच न्हाईस."