बिबड्यांची पिशवी

साक्रीकडच्या एका पाड्यावरून ती लेकीला घेऊन आमच्या धुळ्याच्या ऑफिसात आली होती. लेकीच्या नर्सिंगची फी आमची संस्था भरणार होती. खुर्ची पुढे केली तरी बाई बसेना. छातीशी धरलेली कापडी पिशवी तिने टेबलावर ठेवली. आत ज्वारीचे बिबडे, उन्हात कडक वाळवलेले पापड.

"अक्का, आम्हाला काही घेता येत नाही. नियम आहे," मी म्हणालो. हे वाक्य बोलताना मला नेहमी जरा बरं वाटायचं.

तिने पिशवीची गाठ सावकाश पुन्हा बांधली.

"आम्ही लेवानं आन् तुम्ही नही लेवानं, ते मंग हाई भीक शे का, भाऊ?" आम्ही घ्यायचं आणि तुम्ही नाही, मग ही भीकच का, असं ती विचारत होती; आवाज चढला नव्हता. मग लेकीला म्हणाली, "चाल वं."

पोरगी दारापर्यंत गेलीसुद्धा.

बिबडे एकटीने होत नाहीत. आज हिच्या अंगणात साऱ्या जणी थापायला जमतात, उद्या तिच्या. दुसरीकडे राबायला जाणारी, पण आपल्या अंगणात कुणाला हात लावू न देणारी बाई गावात गर्विष्ठ ठरते. आमची संस्था तशीच होती.

मी हाक मारली. बिबडे वर्तमानपत्रावर काढून घेतले आणि पिशवी तिच्यापुढे धरली. ती घेईना. रिकामी पिशवी कुणी परत करतं का! शेवटी माझ्या डब्याशेजारची दोन केळी मी पिशवीत टाकली.

तिने वाकून आत पाहिलं, पदर सावरला आणि खुर्चीवर बसली.

"आते सांगा," ती म्हणाली, "कालेज कवय सुरू व्हई?"