पहार गरम होती

आगीवर पाणी मारायला दोघे लागतात. पुढचा ब्रांच धरतो. ब्रांच म्हणजे पाइपाच्या तोंडाला लावायची पितळी नळी, जिच्यातून फवारा सुटतो. मागचा पाइप खांद्यावर घेऊन त्याला रेटा देतो, कारण पाण्याचा जोर एकट्याला आवरत नाही. लोकांना दिसतो तो पुढचा. मी मागचा होतो. नोकरीतली उमेदीची वर्षं मी एकाच माणसाची पाठ बघत काढली, आणि त्या पाठीचा मला जेवढा हेवा वाटला तेवढा आयुष्यात दुसऱ्या कशाचा वाटला नाही.

आम्ही एकाच भरतीतले. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मैदानावर पळायला लावायचे, दोरावर चढायला लावायचे, आणि शेवटी जोडीदाराला खांद्यावर टाकून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचं. त्याची आणि माझी जोडी लागली. तो उचगावच्या पुढच्या एका खेड्यातला, तालमीत वाढलेला. त्यानं मला धान्याचं पोतं उचलावं तसं उचललं आणि हसत हसत पोहोचवलं. माझी पाळी आली तेव्हा अर्ध्यात मी अडखळायला लागलो. खांद्यावरून तो हळूच म्हणाला, "दमानं घे की मर्दा, मी काय पळून चाललोय व्हय?" मी कसाबसा पोहोचलो. दोघेही भरती झालो. पण त्या दिवसापासून मी त्याच्या मेहरबानीवर आत आलोय असं मला वाटत राहिलं. त्याला ते ठाऊकही नसेल.

या नोकरीत आग कमी आणि वाट बघणं जास्त. बंब पुसायचा, ओले पाइप मनोऱ्यावर टांगून वाळवायचे, गमबूट दाराशी तोंड बाहेर करून ठेवायचे. वर्दी आली की, म्हणजे फोन आला की, जेवणाचं ताट तसंच सोडून धावायचं. मग कुठं लाकडाची वखार, कुठं उसाचा फड, कुठं विहिरीत पडलेली म्हैस. काम संपल्यावर लोक त्याच्याभोवती जमायचे. पाणी आणून त्यालाच आधी द्यायचे. माझ्या घरी तो जेवायला आला की माझी आई माझ्याआधी त्याच्या ताटात भाकरी वाढायची आणि नंतर मला म्हणायची, त्याच्यासारखं मोकळं हसायला शीक. बायकोही हो ला हो म्हणायची. मी हसत नसे.

एका उन्हाळ्यात त्याच्याच गावातून वर्दी आली. गुऱ्हाळाच्या मागं चिपाडाची गंज पेटली होती. चिपाड म्हणजे रस काढून वाळवलेला ऊस. गुऱ्हाळाच्या चुलवाणात तेच जाळतात. ही आग फसवी असते. वरून विझते, धूर थांबतो, आणि आत गाभ्यात धुमसत राहते. म्हणून आमच्याकडं एक पद्धत होती. पाणी मारून झालं की गंजीत लोखंडी पहार खोलवर खुपसायची, बराच वेळ तशीच ठेवायची, मग बाहेर काढून टोकाला हाताची उलटी बाजू लावायची. गार लागली तर आग विझली. गरम लागली तर सगळी गंज उपसून पसरायची आणि पुन्हा पाणी मारायचं. ही तपासणी ब्रांचवाल्यानं स्वतः करायची, कारण विझली हा शेवटचा शब्द त्याचा.

त्या दिवशी तो आपल्या माणसांत होता. दुपारभर त्यानं पाणी मारलं, आणि मी त्याच्या मागं. धूर थांबल्यावर त्यानं गंजीत पहार खुपसली, आणि तेवढ्यात गावानं त्याला अक्षरशः ओढून नेलं. गुऱ्हाळाचे म्हातारे मालक त्याच्या शेजारच्या शेतातले, त्याला अंगाखांद्यावर खेळवलेले. त्यांनी त्याच्या डोक्याला स्वतःचा फेटा बांधला. बाया ओवाळायला आल्या. त्याची आई दारात उभी राहून डोळ्याला पदर लावत होती. तिथूनच त्यानं मला हाक मारली, "पहार तेवढी बघ रं."

मला कुणी चहासुद्धा विचारला नव्हता. मी रागानं गंजीकडं गेलो आणि उलट्या हाताची रीत विसरून पहार बाहेर ओढून तिचं टोक थेट मुठीत धरलं. तळहाताला चरका बसला. पहार गरम होती.

आता मी हाक मारली असती, तर तो फेटा काढून धावत आला असता. फावडं घेऊन गावाबरोबर संध्याकाळपर्यंत गंज उपसली असती, आणि गावानं त्याला खांद्यावर घेतलं असतं. मला ते बघायचं नव्हतं. मला घरी जायचं होतं. मी पहार बंबावर टाकली आणि ओरडून म्हणालो, "गार हाय, चला."

त्यानं माझ्या शब्दावर मालकांना सांगितलं, विझली. आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा सुटला आणि गंज पुन्हा पेटली. या वेळी गुऱ्हाळाचं छप्पर, इंजिन, विक्रीला ठेवलेल्या गुळाच्या ढेपा, सगळं गेलं. माणसं वाचली, एवढंच. मालकांनी पुन्हा गुऱ्हाळ लावलं नाही. गावात एकच बोलणं उरलं की आपल्याच पोरानं सत्कार करून घेतला आणि आग तशीच ठेवून गेला.

साहेबांनी दोघांना समोर उभं केलं. पहार कुणी तपासली, असं विचारलं. तो म्हणाला, "मीच बघायची हुती साहेब." त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "मी पाइप गुंडाळत होतो." टोपी मी उजव्या हातात धरली होती, तळव्यावरचा फोड झाकायला. त्यानं एकदा माझ्या टोपीकडं बघितलं आणि मान खाली घातली.

त्याच्याकडून ब्रांच काढून घेतली आणि त्याला वर्दीच्या फोनवर बसवलं. ब्रांच मला मिळाली. तो गावच्या यात्रेलाही जाईनासा झाला. त्याची आई गावातच वारली, तेव्हा मातीला मी त्याच्याबरोबर गेलो होतो. गुऱ्हाळाचे मालक लांब उभे होते. जवळ आले नाहीत.

तरी माझा हेवा शांत झाला नाही. पुढं एका पावसाळ्यात नदीचं पाणी शहरात शिरलं. आम्ही होडीतून माणसं काढत होतो आणि तो फोनवर त्यांना धीर देत होता. पाणी उतरल्यावर लोक अग्निशमन केंद्रात आले ते फोनवर बोलणारे कोण, असं विचारत. मी दारातच उभा होतो. मी बोटानं त्याची खोली दाखवली.

आम्ही दोघंही आता निवृत्त आहोत. माझी आई आणि बायको दोघीही गेल्या. गेल्या वर्षी मी त्याच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. तो शेंगा सोलत होता. हात थांबले नाहीत.

"ठाव हाय की मला," तो म्हणाला. "तुझा फोड बघितलाता मी. पाइप गुंडाळून हाताला फोड येतोय व्हय?"

मी विचारलं, मग बोलला का नाहीस. तो म्हणाला, "तू बोलशील म्हणून थांबलो. मग थांबायची सवयच लागली." पुढची शेंग फोडत म्हणाला, "मला सांगून काय उपेग? गावात सांग."

त्याच्याच स्कूटरवरून गेलो. तो चालवत होता, मी मागं. गुऱ्हाळाच्या जागी आता मालकांच्या मुलाची पिठाची गिरणी आहे. मालक हे न ऐकताच गेले, ते आता माझ्याच्यानं भरून येण्यासारखं नाही. गिरणीत दळण घेऊन आलेली पाच-सहा माणसं होती. मी उभं राहून सांगितलं. पहार गरम होती, मला ते कळलं होतं, मी खोटं बोललो, ह्याचा काही दोष नाही. मुलानं गिरणीचा पट्टा बंद केला. मला वाटलं आता शिव्या पडतील. त्यासाठीच मी आलो होतो.

तो माझ्याकडं वळलाच नाही. माझ्या जोडीदाराकडं बघत म्हणाला, "काका, आन् तुमी एवढी वर्सं गप बसला?" कुणीतरी पिठाचं पोतं सरकवून त्याला बसायला जागा केली. एकजण त्याच्या पाया पडला. चहा सांगायला एक बाई बाहेर गेली.

मी दाराशी उभा होतो. माझ्यावर कुणी रागावलंसुद्धा नाही. आणि सगळं खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून हेही लिहितो, त्या क्षणीही मला त्याचा हेवा वाटला.