एसी काढलेली गाडी

लीलाधर बागुल मूळचा दोंडाईच्याकडचा. जळगावात प्रेमराज शेठच्या डाळ मिलवर तो ट्रक चालवायला लागला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. सात वर्षांनी, २००२ साली, शेठनी एक काळी बुटकी गाडी घेतली आणि त्याला ट्रकवरून उतरवून घरच्या गाडीवर बसवलं. जपानी इंजिनाची ती गाडी त्या काळी जळगावात दोघा-तिघांकडेच असेल. सगळे तिला व्हीटेक म्हणत.

प्रेमराज शेठ अंगात पांढरा सफारी घालणारे, जेवण मोजून घेणारे, सूर्यास्तानंतर पाण्याशिवाय काही न घेणारे जैन व्यापारी. त्यांना वेड एकच होतं, वेगाचं. स्वतः कधी चालवली नाही. मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसायचे, एसी पूर्ण सोडायला सांगायचे, मांडीवर शाल घ्यायचे, आणि एरंडोल मागे पडून रस्ता सरळ झाला की म्हणायचे, "लीलाधर, दाब जरा." लीलाधर दाबायचा. काटा दीडशेच्या पुढे गेला की आरशात शेठचा चेहरा लहान पोरासारखा दिसायचा. मोहनबाईंना, म्हणजे शेठाणींना, हे कधी कळू दिलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी थंडीत शेठना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात चालायचा आणि मान हलायची. "कळतं सगळं," डॉक्टर म्हणाले होते, "फक्त सांगता येत नाही."

एकुलता एक मुलगा रोनक पुण्याहून परत आला आणि त्याने मिलचा कारभार हातात घेतला. लहानपणी तो लीलाधरला काका म्हणायचा. आता लीलाधर म्हणू लागला, आणि 'रोनकभैया' ऐकलं की कपाळाला आठी घालायचा. मग लीलाधरही रोनकशेठ म्हणू लागला.

धुळ्याजवळ वाहतुकीला अजून न खुला झालेला रस्त्याचा एक तुकडा होता. तिथे रविवारी पहाटे काही पोरं जुन्या गाड्या पळवायची. रोनकला त्यात आपली व्हीटेक उतरवायची होती. तो लीलाधरला घेऊन अजिंठा रोडवर अन्वरभाईच्या गॅरेजात गेला. गाड्यांचे एसी बसवण्यात अन्वरचा हात जळगावात कोणी धरला नसता. ही गाडी तर त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती.

"मला उघडा फिल्टर पाहिजे," रोनक म्हणाला, "आणि एसी काढून टाक. बावीस किलो वजन कमी होतं."

अन्वरने हात पुसले. "रोनकशेठ, इंजिनाला हवा थंड लागते. मे महिन्यात बॉनेटखाली भट्टी असते. उघडा फिल्टर तिथलीच हवा ओढणार. आवाज मोठा येईल, पण ओढ कमी होईल. त्यापेक्षा फिल्टरला पत्र्याची बंद पेटी करतो आणि बंपरच्या मागून पाइप आणतो, म्हणजे बाहेरची हवा मिळेल. एसी राहू द्या. तुम्ही पॅडल पूर्ण दाबलं की कॉम्प्रेसर आपोआप सुटतो. त्याचा भार इंजिनावर पडतच नाही."

"मला आवाजच पाहिजे."

"मग एसीचा पंखा तरी ठेवा. रेडिएटरला एका पंख्यावर इथला उन्हाळा निघायचा नाही."

"तोही काढ."

गिऱ्हाइकाची गाडी, गिऱ्हाइकाची मर्जी. अन्वरने दोन दिवसांत सगळं काढलं.

शेठना आठवड्यातून दोनदा धुळ्याला एका डॉक्टरकडे व्यायामाला न्यावं लागे. बाहेरगावच्या पेशंटांना तिथे दुपारी एकची वेळ मिळायची. घरात नवी मोठी गाडी होती, थंडगार. पहिल्या खेपेला लीलाधर तिचीच चावी मागायला गेला. शेठ तिथेच व्हीलचेअरवर होते.

"ती नको," रोनक म्हणाला. "पप्पांची लाळ गळते. मागे एकदा सीट ओली केली, वास अजून गेला नाही. व्हीटेक ने."

शेठनी मान खाली घातली. लीलाधरने ते पाहिलं, रोनकनेही पाहिलं.

मग एप्रिल आणि मे. काच उघडली की आगीसारखी झळ, लावली की आत जीव कोंडायचा. पायाखालचा पत्रा तापलेला, आणि त्या उघड्या फिल्टरची घरघर रस्ताभर. लीलाधर ओला टॉवेल शेठच्या डोक्यावर ठेवायचा. एरंडोल येईपर्यंत तो खडखडीत वाळायचा. घाम शेठच्या उजव्या डोळ्यात उतरायचा. तो डोळा नीट मिटत नव्हता, आणि डाव्या हाताने कितीही पुसला तरी घाम पुन्हा उतरायचा. पारोळ्याला झाडाखाली गाडी थांबवून लीलाधर त्यांचं तोंड पुसायचा आणि चमच्याने पाणी पाजायचा. घोट मोठा झाला की शेठना ठसका लागायचा, म्हणून एकेक चमचा. अर्धा तास त्यातच जायचा. एकदा शेठच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते घामाचं नव्हतं.

तो मोहनबाईंकडे गेला. त्या म्हणाल्या, "रोनकला विचारा, लीलाधरभाऊ. माझं कुठे ऐकतो तो?"

रोनकला विचारलं. रोनक मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला, "तुला सहन होत नाही असं सरळ सांग ना. पप्पांचं नाव कशाला पुढे करतो?"

लीलाधरने मग आयुष्यात पहिल्यांदा मालकाला न विचारता एक गोष्ट केली. एका गुरुवारी रोनक मुंबईला गेला होता. गाडी घेऊन लीलाधर अन्वरकडे गेला. तसल्याच एका भंगारात निघालेल्या गाडीचा अख्खा एसी अन्वरकडे पडून होता. दोघांनी दिवसभर खपून तो बसवला, पंख्यासकट. अन्वरने फिल्टरला पत्र्याची पेटीही केली आणि बंपरमागून पाइप आणला. "आता हिला नीट श्वास घेऊ दे," तो म्हणाला. पैशाचं त्याने काही काढलं नाही. शेठनी त्याला गॅरेज टाकताना आधार दिला होता.

शुक्रवारी लीलाधरने शेठना मागे बसवलं, डाव्या बाजूला, आणि एसी सोडला. शेठनी डावा हात गार झोतासमोर धरला. धुळ्यापर्यंत खाली घेतला नाही.

रविवारी पहाटे रोनकने गाडी नेली. त्या दिवशी ती कधी नव्हे इतकी पळाली, पहिली आली. मित्रांनी कौतुकाने बॉनेट उघडलं. एक जण हसत म्हणाला, "अरे, तू तर एसी काढला होतास ना? तुझ्या ड्रायव्हरने परत बसवला की काय?" सगळे हसले.

रोनक घरी आला तेव्हा नऊ वाजले होते. त्याने लीलाधरला अंगणात बोलावलं.

"कोणाला विचारून?"

"शेठना फार त्रास होत होता. आणि गाडी आधीपेक्षा चांगलीच पळते, रोनकशेठ. पहिली आली म्हणे."

"विषय तो नाही." रोनक आत गेला आणि शेठची खुर्ची ढकलत बाहेर घेऊन आला. वडिलांसमोर गुडघ्यावर बसला, त्यांचा चालता हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. आवाज एकदम मऊ केला. "पप्पा, लीलाधर म्हणतो तुम्हाला गाडीत गरम होतं. होतं का हो?"

शेठ मुलाकडे बघत राहिले. मग त्यांनी मान हलवली. नाही.

"शेठ," लीलाधर म्हणाला, "असं काय करता? सांगा ना त्यांना."

शेठनी पुन्हा मान हलवली, आणि तोंड तुळशीकुंडीकडे वळवलं.

"झालं?" रोनक उभा राहिला. "तूच बसवला ना? तूच काढ. इथेच, पप्पांच्या समोर."

लीलाधरने पाने आणले. नळी सोडली तेव्हा गॅस फुसकन बाहेर पडला आणि त्याची बोटं बधिर झाली. पंखा, जाळी, कॉम्प्रेसर, एकेक काढून तो फरशीवर मांडत गेला. पत्र्याची पेटी रोनकने स्वतः लाथेने चेपली. तीन तास लागले. ऊन अंगणात आलं तरी शेठची खुर्ची कोणी आत नेली नाही. शेवटचा बोल्ट निघाल्यावर रोनकने चावी मागितली. मोहनबाईंनी गड्याच्या हाती फाटकापाशी चहा पाठवला. लीलाधरने तो घेतला नाही.

घरी कुंदाबाईने, त्याच्या बायकोने, विचारलं, "काय व्हयनं?" त्याने दोन वाक्यांत सांगितलं. ती म्हणाली, "त्या माणसाले त्याच घरमा ऱ्हानं शे. तो काय करी?" हे लीलाधरलाही कळत होतं. शेठना रात्री कूस बदलायला, लघवीला, घासभर भाताला मुलाचंच तोंड बघायचं होतं. सगळं कळत होतं, आणि राग तिळभरही कमी होत नव्हता. रोनकवरचा राग चार महिन्यांत विरला. शेठवरचा नाही. ती मान हलली ती त्याला जेवताना दिसायची.

त्याला ठिबकच्या पाइपांची पिकअप चालवायचं काम मिळालं, जळगाव ते धुळे, एक दिवसाआड. पिकअपला एसी होता.

पुढचा मे आला. एका शुक्रवारी साडेबाराच्या सुमारास पारोळ्याच्या पुढे रस्त्याकडेला त्याला काळी गाडी दिसली. बॉनेट उघडं, आतून वाफ निघत होती. नवा ड्रायव्हर रिकामा डबा घेऊन दूर पंपाच्या दिशेने चालला होता. आसपास झाड नव्हतं.

लीलाधरने वेग कमी केला. मागची काच अर्धी उघडी होती. शेठचा चेहरा विटेसारखा लाल, तोंड उघडं. त्यांनी त्याला ओळखलं. डावा हात उचलून त्याच्या दिशेने धरला.

केबिनमध्ये गार पाण्याचा पाच लिटरचा जार होता, भरलेला. लीलाधरने काच खाली केली. त्याला एवढंच विचारायचं होतं, शेठ, गरम होतंय का? शब्द ओठांपर्यंत आले. त्याने विचारलं नाही. काच वर केली आणि दुसऱ्या गिअरवरून तिसरा टाकला.

धुळ्यात पाइप उतरवले, पावतीवर सही घेतली, डबा खाल्ला. भाजी तिखट होती एवढं त्याला आठवतं.

ड्रायव्हरला पाणी घेऊन यायला पाऊण तास लागला होता. शेठ तिसऱ्या दिवशी धुळ्याच्या दवाखान्यात वारले. उष्माघात, आणि आधीचंच आजारपण, असं म्हणाले. रोनक स्मशानात इतका रडला की दोघांनी धरून ठेवला. लोक म्हणाले, मुलगा असावा तर असा.

लीलाधर दुखवट्याला बसायला गेला. मोहनबाईंनी त्याला पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. "तुम्ही असता तर असं झालं नसतं, लीलाधरभाऊ. तुम्ही त्यांना असं उन्हात टाकलं नसतं."

तो उठला आणि सरळ अन्वरच्या गॅरेजात गेला. अन्वर एका गाडीखाली होता. लीलाधर जमिनीवर बसला आणि त्याच्या दिसणाऱ्या पायांना म्हणाला, "अन्वरभाई, मी तिथूनच चाललो होतो. शेठनी हात केला. मी थांबनू नही."

गाडीखाली पान्याचा आवाज थांबला.

"कोणाला सांगू नकोस," अन्वर म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "मलाही सांगायला नको होतंस."

लीलाधरने कंपनीत रस्ता बदलून मागितला. मुक्ताईनगरकडची खेप द्या म्हणाला. साहेब म्हणाले, धुळ्याचा रस्ता तुझ्याइतका कोणाला माहीत नाही. तो अजून एक दिवसाआड जातो.