रेकॉर्डचा खटका मी सरकवला होता

आमच्या घरापुढून अड्याळची एसटी रोज जाते. कंडक्टर दारातूनच निरोप ओरडतो, खाली कधी उतरत नाही. त्या दिवशी उतरला आणि टोपी काढून म्हणाला, "काकू, मास्तरले जरासं बरं नाही. चला तुम्ही." मी म्हटलं, "जरासं बरं नाही, तर तू टोपी काहून काढली?" त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली... अड्याळच्या बँडवाल्यांना शिकवता शिकवता, मांडीवर क्लॅरनेट घेऊन, बसल्या जागी गेले मास्तर. त्याला आता सव्वा महिना होतो.

मास्तर म्हणजे आमचे यजमान. अख्खी पवनी त्यांना मास्तर म्हणायची, मग मीही तेच म्हणू लागले. घर विणकराचं, पण मागावर मी बसायची आणि हे लग्नाच्या बँडपुढे क्लॅरनेट घेऊन उभे. आणि संशय घेण्यात माझा हात धरणारं आमच्या आळीत कोणी नव्हतं. दुधात पाणी, नणंदेच्या पत्रात टोमणा, नवऱ्याच्या शर्टाला अत्तर, सगळं मला आधी कळायचं. त्यातलं निम्मं नसायचंच, पण त्यानं माझं काही अडलं नाही.

अत्तरावरूनच आठवलं. मास्तर महिन्यातून एक रविवार नागपूरला जायचे. कोणाकडे, तर एका निवृत्त रेल्वे गार्डाकडे. मी म्हणायची, गार्डाच्या घरी जायला कोणी मिशीला तेल लावतं का? शेवटी एकदा मीच सोबत गेले. तिथं बाई-बिई कोणी नव्हती. एक म्हातारा, त्याचं मांजर आणि भिंतीला टांगलेलं ट्रम्पेट. गार्डसाहेब तरुणपणी रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये नाचाच्या बँडात वाजवत. एका वरातीत मास्तरांचं क्लॅरनेट ऐकून त्यांनीच हाक मारलेली. परतताना त्यांनी चावीचा फोनो आणि अमेरिकेतल्या मोठमोठ्या बँडांच्या जुन्या, जड रेकॉर्डी आमच्या पिशवीत घातल्या. त्या संगीताला स्विंग म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. आणि खोटं कशाला बोलू, आवडलं. मागावर बसलं की पाय आपोआप त्याच्या चालीवर पडायचे. मास्तर समजावून सांगत, "हे पाह्य, इकडचे ट्रम्पेटवाले बोलले का तिकडचे सॅक्सोफोनवाले जवाब देतात. तुह्या धोट्यासारखं. इकडून फेकला, तिकडून आला." धोटा कधी चुकायचा नाही. सोळा माणसं, पण कापड एक.

घोळ झाला तो नव्या रेकॉर्डीचा. पंच्याहत्तर-शहात्तरची गोष्ट असेल. मास्तर लग्नाच्या सुपारीवर लाखांदूरला गेलेले आणि भरदुपारी गार्डसाहेब दारात, काखेत विजेवर चालणारं जुनं मशीन, हातात एकच मोठी, पातळ रेकॉर्ड. नागपुरात नवा मोठा बँड उभा राहत होता. नाचाचा नाही, खुर्चीवर बसून ऐकण्याचा. मॉडर्न जॅझ. त्यात एक खुर्ची मास्तरांसाठी राखली होती. महिनाभर ही रेकॉर्ड ऐकून, वाजवून, जमतं का ते कळवायचं. मग नागपूरलाच राहायचं. मशीनच्या बाजूला एक खटका होता, आकडे पुसलेले. साहेब मला म्हणाले, "भाभी, मास्टर को बोलना, खटका यहीं रहने दे. इधर सरकाया तो गाना भागने लगेगा." एवढं सांगून ते परतीच्या गाडीला गेले.

रेकॉर्डीच्या वेष्टनावर दाढीवाले, केस वाढवलेले वादक होते आणि कोपऱ्यात एक बाई उभी होती. ती कोण, तिथं काय करते, हे मी कितीतरी वेळ पाहत बसले. आज त्या चाळिशीच्या बाईला, म्हणजे मलाच, विचारावंसं वाटतं, की अगं, छापलेल्या बाईला काय घाबरतेस? पण घाबरले. मास्तर नागपूरला राहतील, सुट्टीला पाहुण्यासारखे येतील, पुढे तेही नाही... आणि मी खटका सरकवला. साहेबांचा निरोप दिला, खुर्चीचा, महिन्याचा. खटक्याचा गाळला.

संध्याकाळी मास्तरांनी रेकॉर्ड लावली. ट्रम्पेटं पिपाण्यांसारखी वाजत होती, ड्रम तर पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. मास्तर उभेच राहिले. मी विचारलं, "कसं आहे?" म्हणाले, "जुने लोक एकमेकाचं ऐकून वाजवत होते. हे एकमेकाच्या पुढे पळून राह्यले." मला वाटलं, चला, मिटलं. पण दुसऱ्या दिवशी पहाटेच क्लॅरनेट काढून ते त्या रेकॉर्डीमागं धावू लागले. रोज. ओठ सुजला, बोटांना पेटके आले. जेवताना ताटाच्या कडेवर बोटं चालत. मी म्हणायची, "काहून जीव काढता? नसन जमत तर नाही म्हणा." ते म्हणत, "ते वाजवतात, मंग मले काहून येत नाही?" याचं उत्तर घरात एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस भाकरी थापत होतं. महिना भरला. त्यांनी पोस्टकार्ड लिहिलं, 'माझ्यानं होणार नाही.' पेटीत टाकायला माझ्याच हाती दिलं. मी ते धावत जाऊन टाकलं, हेही सांगून टाकते.

पुढची सात-आठ वर्षं नव्या जॅझवर मास्तरांचं एकच मत होतं, आणि ते प्रत्येक बँडवाल्याला ऐकावं लागे. नव्या लोकांना दम नाही, सगळी घाई. जुन्या बँडावर माणूस नाचतो, नव्यावर त्याला धाप लागते. मी मान डोलवायची.

मग एकदा गार्डसाहेब आले. खूप थकले होते, सोबत कॅसेटचा टेपरेकॉर्डर. म्हणाले, "मास्टर, पहचानो." आणि ते वाजू लागलं. सूर ओळखीचे, पण कसे... सावकाश. ट्रम्पेटं भारदस्त, मध्ये मध्ये मोकळी जागा सोडलेली. एक जण आपलं म्हणणं पूर्ण मांडायचा, बाकीचे त्याच्यामागे हलक्या हातानं नक्षी भरायचे. जुन्या स्विंगचं कापड साधं, घट्ट. हे काठापदराचं होतं, पण धोटा तोच. मास्तर म्हणाले, "हे आता हळू वाजवाले लागले का?" साहेब हसले. "वही रेकॉर्ड है भाई, जो आपको दी थी." मी स्वयंपाकघराच्या दारात कपबशा धरून उभी. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांची नजर आपल्याच गुडघ्यावर होती, तिथं बोटं चालत होती, आणि एकही सूर सुटत नव्हता. शेवटी एवढंच म्हणाले, "आमची मशीन खराब होती, साहेब."

साहेब गेल्यावर मी म्हटलं, "खटका मी सरकवला होता."

"माहीत आहे."

"कव्हापासून?"

"चहा दे," म्हणाले.

त्यापुढं कधी विषय निघाला नाही. मी मात्र आतून कुरतडत राहिले. वरातीच्या गोंगाटात कोणाचा भोंगा सुरातून केसभर उतरला ते ज्याला कळायचं, त्याला गाणं पळतंय हे कळलं नसेल? कळलं असेल, तर ते माझ्यासाठी राहिले, किंवा त्यांनाच नागपूरची भीती वाटली आणि त्यांनी माझ्या खटक्याआड तोंड लपवलं. आणि साहेबांची कॅसेट ऐकली त्या दिवशीच कळलं असेल, तर मी त्यांची खुर्ची ओढून घेतली. कधी हे खरं वाटे, कधी ते. त्यांच्या तोंडावरून काही कळायचं नाही. असा नवरा संशयी बाईला देऊ नये.

तेरावं झालं तसं मी अड्याळला त्यांचं क्लॅरनेट आणायला गेले. बँडवाल्यांची ती एकच खोली. भिंतीला भोंगे टांगलेले, खिडकीपाशी मास्तरांची बिनहाताची खुर्ची. सोमा म्हणून त्यांचा सगळ्यात जुना शागीर्द, आता चाळिशीचा आहे, त्यानं मला त्याच खुर्चीवर बसवलं. म्हणाला, "मामी, मास्तरची एक चीज ऐकून जा. लग्नात नाही वाजवत आम्ही, कोणी नाचत नाही त्याच्यावर. ते आपल्यासाठीच बसवून घेत." आणि आठ जणांनी ते वाजवलं. तीच रेकॉर्ड. सोळाच्या जागी आठ, सॅक्सोफोनच्या जागी सोमाचं क्लॅरनेट, पण बरोबर चालीत, सावकाश, मधल्या जागा सोडून. मला पदर डोळ्याला लावायलाही सुचलं नाही.

संपल्यावर सोमा म्हणाला, "लय जुनं शिकवलं आहे त्याईनं हे. मले तर सालही आठवते, सांगू का?"

साल कळलं असतं तर सगळंच कळलं असतं. साहेबांच्या कॅसेटच्या आधीचं की नंतरचं, एवढाच तर प्रश्न होता. मी सोमाच्या तोंडाकडे पाहिलं. तो सांगणारच होता.

"राहू दे," मी म्हटलं. "पुन्हा एकदा वाजवा. आणि घाई करू नका."

क्लॅरनेट मी आणलं नाही. दर रविवारी पहिल्या गाडीनं अड्याळला जाते, खिडकीपाशी बसते, आणि सोमाला साल सोडून बाकी सगळं विचारते.