हरेपर्यंतचा मुक्काम

वहिनींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "भाऊजी, हे गेले," त्या म्हणाल्या. "चहा पिऊन राहिले होते... कप खाली ठेवला अन् मान टाकली." वाईट वाटायच्या आधी मला हायसं वाटलं, हे सांगून टाकतो. डॉक्टरांनी सुधाकरला पुढचे महिने अंथरुणातले सांगितले होते, आणि दुसऱ्याच्या अंगावर पडण्याची या माणसाला जन्मभर धास्ती होती. त्यातून माझा मित्र सुटला.

ही धास्ती टेनिसनं लावलेली. सत्तरच्या दशकात आम्ही दोघं हिवाळी स्पर्धा खेळत गावोगाव हिंडायचो. मी सीताबर्डीचा, तो कामठीचा. लोकांना वाटायचं, टेनिस म्हणजे साहेबी थाट! रेल्वेची सवलत मिळायची म्हणून तिकीट परवडायचं. बक्षीस म्हणून बहुधा कप मिळायचा, आणि कप दाखवून कुणी गाडीत बसू देत नाही. खरा आधार यजमान क्लबाचा. एक खोली आणि दोन वेळचं जेवण, पण स्पर्धेत असेपर्यंतच. हरलात की त्याच संध्याकाळी खोली रिकामी करायची. म्हणून सुधाकर एकेरी, दुहेरी, मिश्र दुहेरी, मिळेल तिथे नाव घालायचा. एकेरीत उडाला तरी दुहेरीवर जेवायचा. जिंकून आला की निकाल सांगायचा नाही, नुसतं "आजचं जेवण पक्कं" म्हणायचा.

उत्तरेकडच्या एका गावी मला सणकून ताप भरला. बाकी सगळीकडून आम्ही बाहेर पडलो होतो, उरला होता दुहेरीचा एक सामना, तोही उतरत्या उन्हातला. पुढच्या गावची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची. हरलो असतो तर त्या कडाक्याच्या थंडीत, अंगात ताप घेऊन, मला फलाटावर झोपावं लागलं असतं. तरी मी म्हटलं, नाव मागे घेऊ, माझ्याच्यानं उभं राहवत नाही. सुधाकर भडकला.

"काहून? तू नेटपाशी फक्त उभा राय गा. पडू नको म्हणजे झालं."

"अरे, पण असे जिंकणार कसे?"

"आपल्याले जिंकाचं नाही गा, अंधार पाडाचा हाय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उजेड गेला तर सामना तिथेच थांबणार, उरलेला उद्या. आणि तोवर आम्ही स्पर्धेत! मग या गड्यानं काय काय केलं... प्रत्येक चेंडू आभाळात. समोरचे दोघे धडधाकट, एका फटक्यात उरकू पाहणारे. हा मागच्या रेषेवर इकडून तिकडे धावत तो चेंडू पुन्हा उंच उडवून द्यायचा. बुटांच्या नाड्या तर इतक्यांदा सुटल्या की पंचांनाही हसू आवरेना. मी खांबासारखा उभा. पहिला सेट गेला, दुसराही हातचा जायला आला, आणि सूर्य काही जागचा हलेना. शेवटी एक चेंडू चौघांपैकी कुणालाच दिसला नाही, आणि पंचांनी खेळ थांबवला. सुधाकर तिथेच मातीत आडवा पडून हसत सुटला. रात्री क्लबाच्या रजईत मला दरदरून घाम फुटला, ताप उतरला. सकाळी आम्ही बघता बघता हरलो. इतक्या आनंदानं हरलेली माणसं त्या क्लबानं पाहिली नसतील.

पुढे त्याला बँकेत नोकरी लागली, हिंडणं थांबलं, कालांतरानं मनीषनगरला घर झालं. तो गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्यानंतर काही दिवसांनी मी तिकडे गेलो. वहिनी पुढच्या खोलीतल्या खाटेवर धुतलेली चादर घालत होत्या. गावात स्पर्धा चालू होत्या. बाहेरगावचे कितीतरी खेळाडू सुधाकरनं या खाटेवर झोपवले. आता तो नाही म्हटल्यावर हे बंद होणार, असं मी धरूनच चाललो होतो.

"कोणी येणार आहे का?" मी विचारलं.

"हो, सांगलीकडचा एक पोरगा."

"अजून आहे का स्पर्धेत?"

"नाही, सकाळीच हारला," उशी झटकत वहिनी म्हणाल्या. "म्हणूनच त बोलावलं त्याले."