गोकुळदास मास्तरांची संध्याकाळची फेरी

गृहपाठ केल्याबद्दल नातवाला चॉकलेट मिळालं की मला गोकुळदास मास्तर आठवतात. आणि ते एकदा आठवले की मला गप्प कोण करणार?

पोर्तुगीज जाऊन मुक्ती मिळाल्याला सात-आठ वर्षं झाली असतील. सुर्ल्याच्या आमच्या शाळेत चार वर्ग आणि मास्तर एकटे. ज्याचं गणित बरोबर, त्याच्या घरी मास्तर संध्याकाळी स्वतः जायचे आणि अंगणात उभं राहून शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असं सांगायचे. एवढंच बक्षीस. त्यासाठी आम्ही जीव टाकायचो. पण खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ खात, चढ चढून जीव जायचा तो मास्तरांचा. त्या वर्षी गुडघा सुजला, तसे ते म्हणाले, "आता घरी येणं नाही रे. गणित बरोबर आलं की बरणीतली गोड गोळी घ्या."

दोन दिवस आम्ही खूश. तिसऱ्या दिवशी शिवदास म्हणाला, "मास्तर, सोपं गणित घाला. गोळी तीच मिळते ना!"

मास्तर हसले नाहीत.

गंगा मात्र कठीणच भागाकार मागून घ्यायची आणि गोळी धाकट्या भावाला न्यायची. पंधरा दिवसांनी ती यायचीच थांबली. मास्तर छत्री टेकत निघाले, मागे त्यांची पिशवी घेऊन मी. गंगेची आई शेवंती मूळची सावंतवाडीकडची. खाणीवरून नुकतीच परतली होती.

"गंगेला घरी का ठेवलंस गे?"

"मगे पोराक कोण बघतलो? तुमी येवचा बंद केलात, तेवाच माका कळला, माजा चेडू, गंगा, अभ्यासात मागे पडला."

"अगं, रोज गोळी आणत होती ना ती!"

"गोळी काय, दुकानातय गावता."

मास्तर पायरीवर बसले. "एकही भागाकार चुकला नाही तिचा," ते म्हणाले, पण आवाज चढेना. मग गुडघा धरून पुन्हा उठले, अंगणाच्या मधोमध गेले आणि तेच मोठ्यानं म्हणाले. शेजारची बाई दारात आली.

शेवंती म्हणाली, "उद्या येतला. भावाक घेवन इला तर चलात?"

"चालेल. गोळ्या उरल्यात, त्याला होतील."

परतताना मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात टेकला. "काल शिवदासानं एक कठीण गणित सोडवलं. त्याचं घर कुठे रे?"

"वरच्या वाड्यावर. चढ आहे, मास्तर."

"चढच असणार," म्हणाले आणि तिकडे वळले.